स्टेशन आणि गांव

भुसावळ सोडून नागपूरकडे निघालेली गाडी पूर्णेच्या खोऱ्यांत शिरली म्हणजे खिडकीबाहेरचा देखावा बराच वेळ बदलत नाहीं. दोन्ही बाजूंस काळी, सपाट जमीन. उजव्या हाताला दूरवर अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ. डाव्या हाताला त्याहूनहि दूर सातपुडा. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं स्टेशनें एकामागून एक येतात आणि जातात. हा बुलढाणा जिल्हा. परंतु ज्या गांवावरून जिल्ह्याला हें नांव मिळालें तें बुलढाणा गांव ह्या प्रवाशाला कोठेंच दिसत नाहीं. तें उजवीकडच्या त्या निळ्या रेघेवर, डोंगराच्या माथ्यावर वसलेलें आहे. आणि तेथें जावयाचें तर मलकापुरास उतरून, मोताळ्यावरून राजूरचा घाट चढत सुमारें पंचेचाळीस किलोमीटर मोटारीनें जावें लागतें.

जिल्ह्यांतील माणसें आपल्या मुलखाचे दोनच भाग मानतात : घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगांव, शेगांव, संग्रामपूर व जळगांव जामोद हे सात तालुके घाटाखालीं. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगांव राजा हे सहा घाटावर. कचेरीसाठीं जागा पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला थंड हवा हवी होती, म्हणून तो डोंगरावर चढला. रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरला सपाटी हवी होती, म्हणून तो खोऱ्यांतच राहिला. दोघांनीं एकमेकांस विचारलें असेल असें दिसत नाहीं. ह्या दोन स्वतंत्र निवडींनीं जिल्ह्याची जी घडण झाली ती दीडशें वर्षांनंतरहि मोडलेली नाहीं. हुकूम वरून सुटतो, आणि माल खालून सुटतो.

मुंबई-ठाणें गाडी १८५३ च्या एप्रिलांत सुरू झाली, आणि जी. आय. पी. कंपनीचे रूळ वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचले. स्टेशन कोठें असावें हें ठरवितांना कंपनीच्या इंजिनिअरपुढें गांवाचा विचार पहिला नव्हता. चढ कमींत कमी असावा, पुराचें पाणी दूर राहावें, पुलांचा खर्च वाचावा आणि जमीन स्वस्त मिळावी, एवढें साधलें कीं त्याचें काम झालें. त्यामुळें पुष्कळ जुन्या गांवांच्या वेशीमध्यें आणि नव्या स्टेशनामध्यें एक मोकळा पट्टा राहिला. त्या पट्ट्यांतून जो रस्ता निघाला त्याला सर्वत्र एकच नांव पडलें : स्टेशन रोड.

रेल्वेनें घेतली ती आपल्या रुळांपुरती व यार्डापुरती जमीन. कुंपणापलीकडची जमीन कालपर्यंत ज्वारीची, कपाशीची होती. गाडीची पहिली शिटी वाजली आणि तिची किंमत पालटली. त्या जमिनीचें पुढें काय व्हावें हा प्रश्न कंपनीनें आपला मानला नाहीं आणि सरकारनेंहि मानला नाहीं. ज्या शेतकऱ्याचा तो होता, त्याला असा कांहीं प्रश्न आहे हें कळण्यापूर्वींच बहुधा दुसऱ्या कोणींतरी त्याचें उत्तर देऊन टाकलेलें असे. नगररचना म्हणजे रुंद रस्ते, कारंजीं आणि बागा अशी सुशिक्षितांत एक समजूत आहे. तिचा गाभा ह्या कुंपणापलीकडच्या जमिनींत आहे.

खामगांवची हकीकत ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे, कारण तेथें नेहमींचा क्रम उलटा झाला. इतरत्र स्टेशन आधीं आलें आणि बाजार त्याच्यामागून गेला. खामगांवीं बाजार आधीं होता आणि स्टेशनाला त्याच्याकडे यावें लागलें. रेल्वेपूर्वींच्या काळांत वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पांचशें मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. वाटेंत पाऊस लागला कीं गोणी भिजून इतकी जड होई कीं बैल खालीं बसे. धूळ तर पाचवीलाच पुजलेली. पुढें मुंबईची वाट खुली झाली, आणि १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत तिकडचा कापूस बंद होतांच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. खामगांव ही त्या कापसाची मोठी पेठ; परंतु आगगाडीचा मुख्य मार्ग तिला आठ मैल दक्षिणेस टाकून सरळ पुढें गेलेला होता.

तेव्हां जलंबपासून खामगांवपर्यंत आठ मैलांचा फांटा घालण्यांत आला, आणि १८७० मध्यें त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रुळांसाठीं व्हाइसरॉय! ह्यावरूनच त्या कापसाचें वजन ध्यानांत यावें. त्याच वर्षीं समुद्राखालच्या तारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली. लिव्हरपुलाचा भाव वऱ्हाडांत झटपट कळूं लागला, आणि त्या भावानें घेतलेला माल झटपट हलूंहि लागला.

आतां ह्या स्टेशनाभोंवतीं जें कांहीं उभें राहिलें त्यामागचें कारण समजून घेण्यासारखें आहे. कापूस हा जिन्नस हलका, फुगीर आणि चटकन पेट घेणारा. शेतांतून येणाऱ्या कापसांत रुईचा भाग वजनानें सुमारें एक तृतीयांश, बाकीची सरकी. सरकी वेगळी करण्याचें काम जिनांत होतें, आणि मोकळी रुई दाबून तिची गांठ बांधण्याचें काम प्रेसमध्यें. दाबलेली गांठ थोड्या जागेंत मावते. न दाबलेली रुई डबेच्या डबे अडवून बसते. म्हणून प्रेस जितका रुळांजवळ तितका गाडीवानाचा हेलपाटा कमी. जिनाला उघड्यावर कापसाचे ढीग घालण्यास विस्तीर्ण आवार हवें, आगीच्या भयानें दोन ढिगांत अंतर हवें, पाणी हवें. हंगामांत शेंकडों बैलगाड्या एकाच वेळीं येणार, तर त्यांना सोडण्यास तळ हवा आणि बैलांना कडबा हवा. अडत्याला बाजाराच्या तोंडाशीं पेढी हवी. रॅली, फोल्कार्ट ह्यांसारख्या परदेशी पेढ्यांनाहि ह्याच परिघांत आपलें ठाणें हवें होतें. अशा रीतीनें कोणीहि नकाशावर रेघ न मारतां एक आखणी घडून आली. ती कापसानें केलेली आखणी होती, आणि कापसाच्या दृष्टीनें ती चोख होती. कापसाचा पैसा हातीं आला कीं शेतकरी त्याची चांदी करी; खामगांवच्या चांदीचा लौकिक आजहि टिकून आहे.

परंतु कापसाच्या आखणींत माणसाचा हिशेब कच्चा राहतो. जो हमाल दिवसभर गांठी उचलतो तो रात्रीं कोठें पाठ टेकतो, प्रेसमधल्या बायका मुलांना कोठें ठेवतात, त्यांना पाणी कोठून मिळतें, हे प्रश्न कापसाच्या व्यापाराला पडत नाहींत. अशा सर्वच पेठांतून कामकऱ्यांच्या वाट्याला ती जागा आली जिच्यावर दुसऱ्या कोणाची नजर नव्हती : नाल्याचा कांठ, रुळांच्या पलीकडची बाजू, गांवाची पडीक कड. आणि व्यापाराचें चक्र फिरलें तेव्हां आखणी करणारा कापूसच निघून गेला. ट्रक आले, गांठी रस्त्यानें जाऊं लागल्या, नवीं जिनें गांवाबाहेर गेलीं. वऱ्हाडांतील अनेक गांवीं स्टेशनालगतचीं तीं जुनीं आवारें बंद पडून राहिलीं. पुढें त्यांचे तुकडे पडले आणि प्लॉट म्हणून ते विकले गेले. गांवाच्या अगदी मध्यावर, स्टेशनाच्या दाराशीं, एकाच मालकाच्या हातांत असलेली एवढी सलग जमीन पुन्हां मिळणें नाहीं. तिच्यावर शाळा, दवाखाना, मंडई किंवा चार ओळी साध्या घरांच्या होऊं शकल्या असत्या. बहुतेक ठिकाणीं ती संधि आली केव्हां आणि गेली केव्हां हें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

खामगांवचा जसा लौकिक झाला, तसा जलंबचा व्हावयास नको होता काय? फांटा जेथें फुटतो तें स्टेशन जलंब. १८७० पासून तें जंक्शन आहे; खामगांवची प्रत्येक गांठ आणि खामगांवचा प्रत्येक उतारू त्याच्याच फलाटावरून गेला. तरीहि जलंब हें खेडेंच राहिलें. कारण उघड आहे. गाडी बदलण्यासाठीं उतरलेला प्रवासी फलाटावरच ट्रंकेवर बसून राहतो, चहा घेतो आणि दुसऱ्या गाडींत चढतो. त्याला बाहेर पडण्याचें कांहीं कारणच नसतें. आणि प्रवासी बाहेर पडत नाहीं तोंवर स्टेशनाचें गांव होत नाहीं. स्टेशन मिळालें कीं भरभराट आपोआप येते असें मानून ज्या शिष्टमंडळांनीं आजवर अर्ज-विनंत्यांचे कागद रंगविले, त्यांनीं येतां-जातां जलंबच्या फलाटावर घटकाभर उतरून पाहावयास हरकत नव्हती.

मग स्टेशनाभोंवतीं काय असावें? हिशेब माणसाच्या पायांनीं मांडावा लागतो. हातांत पिशवी, कडेवर मूल आणि डोक्यावर ऊन असतांना माणूस बिनतक्रार चालतो तें अंतर पांचशें मीटरच्या आसपास. स्टेशन मध्यबिंदु धरून तेवढ्या त्रिज्येचें वर्तुळ काढलें तर त्यांत सुमारें ७८ हेक्टर जमीन येते, म्हणजे दोनशें एकरांहून थोडी कमीच. गांवाची उरलेली सारी जमीन एकीकडे आणि हे दोनशें एकर एकीकडे. ज्या गोष्टींसाठीं माणसें पायीं येतात त्यांना येथें अगोदर जागा मिळाली पाहिजे : एस्. टी. चा थांबा, दवाखाना, कचेऱ्या, भाजीबाजार, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परवडतील अशा भाड्याच्या खोल्या, रोज गाडीनें कामावर जाणाऱ्यांचीं लहान घरें. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचे बंगले, ट्रकांचे तळ आणि सिमेंटचीं गोदामें चार किलोमीटरांवर गेल्यानें कोणाचें अडत नाहीं. व्यवहारांत नेमकें ह्याच्या उलट घडतें, कारण जमीन ज्याला आधीं खबर लागते त्याची होते.

ह्या वर्तुळाला आणखी एक शाप असतो. रूळ त्याचे दोन तुकडे करतात. तिकिटाची खिडकी एका बाजूला. म्हणून दुकानें, टांगे आणि पुढें रिक्षा त्याच बाजूला. पलीकडच्या अर्ध्या वर्तुळांतल्या माणसाला पन्नास पावलांवरचें स्टेशन गांठण्यास फाटकापर्यंत वळसा घालावा लागतो, आणि फाटक तर गाडी येण्याच्याच वेळीं बंद असतें. पलीकडची जमीन त्यामुळें स्वस्त राहते, आणि स्वस्त म्हणून कोणाच्या वाट्याला येते हें वर आलेंच आहे. दोन्ही बाजूंस उतरणारा एक पादचारी पूल आणि पलीकडे तिकिटाची दुसरी खिडकी, एवढ्या खर्चांत शंभर एकर जमीन गांवाला नव्यानें मिळते. स्टेशनाच्या दर्शनी भागावर नक्षी चढविण्यापेक्षां हा खर्च अधिक शहाणपणाचा.

शेगांवचा प्रश्न निराळ्या जातीचा आहे. गजानन महाराज १८७८ मध्यें शेगांवीं प्रकट झाले, तेव्हां नागपूरपर्यंत रेल्वे जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. महाराजांची समाधि १९१० ची. कापसाची पेठ म्हणून ज्या स्टेशनाची मांडणी झाली होती, तें बघतां बघतां यात्रेकरूंचें स्टेशन झालें. येथें उतरणारा प्रवासी जलंबच्या प्रवाशाच्या अगदी उलट : तो बाहेर पडण्यासाठींच आलेला असतो, आणि स्टेशनापासून मंदिरापर्यंतची वाट थोड्या मिनिटांची असल्यानें तो चालतोहि. गुरुवारीं, रामनवमीस, प्रकटदिनीं त्या वाटेवर माणसांचा लोंढा उसळतो. चालत्या माणसांवर जगणारा रस्ता कसा असतो हें जिल्ह्यांत कोणाला पाहावयाचें असेल तर तो शेगांवीं पाहावा. प्रसादाचीं दुकानें, खानावळी, सामान ठेवावयाच्या जागा आणि लॉज ह्यांच्या उताराचा हिशेब पावलांच्या संख्येंतच होतो. संस्थाननें भक्तनिवास बांधले, स्टेशनापासून मंदिरापर्यंत विनामूल्य बस चालविली आणि स्वच्छतेचा जो वक्तशीरपणा दाखविला, तो पुष्कळ नगरपालिकांना हेवा वाटावा असा आहे.

तरी गर्दी वाढतच गेली, आणि गांव जुनेंच, गल्ल्या जुन्याच. तेव्हां समाधिशताब्दीच्या म्हणजे २०१० च्या सुमारास राज्यसरकारनें शेगांवसाठीं स्वतंत्र विकास आराखडा हातीं घेतला. रस्ते रुंद करण्यासाठीं घरें व दुकानें पाडावीं लागलीं, लोकांना हलवावें लागलें, कामें रेंगाळलीं, आणि तंटे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. ह्यांत दोष अमक्याचा किंवा तमक्याचा असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं शेतांतून वीस फूट जास्त रुंदीचा रस्ता आखण्यास जेवढा खर्च आला असता, त्याच्या कित्येक पट खर्च तोच रस्ता घरांतून काढण्यास येतो. आणि त्या वेळीं कोणाचें घर गेलें नसतें.

२०२३ च्या ऑगस्टांत देशांतील ५०८ स्टेशनांच्या नूतनीकरणाचा जो शिलान्यास झाला, त्यांत शेगांव व मलकापूर ह्यांचीं नांवें आहेत. फलाट, छप्परें, प्रतीक्षागृहें सुधारतील, आणि प्रवाशांना त्याचें सुख होईल हें निश्चित. परंतु रेल्वेची हद्द कुंपणाशीं संपते; तेथून पुढें नगरपालिका. फलाटावरून फिरत्या जिन्यानें वर जाणारी म्हातारी बाहेर येतांच गटार ओलांडण्यासाठीं लुगडें सांवरते, ह्याचें कारण ती दोन पावलांत दोन राज्यें ओलांडीत असते.

कायद्याची उणीव मात्र नाहीं. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा. त्यांतली कल्पना साधी आणि न्यायाची आहे. नवीन वस्ती व्हावयाच्या जागेंतील सर्व मालकांच्या वेड्यावांकड्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या. त्यांतून रस्ते, शाळा, मोकळ्या जागा ह्यांसाठीं प्रत्येकाचा थोडा थोडा हिस्सा कापून घ्यावयाचा. आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून अशी करून ज्याची त्याला परत द्यावयाची. क्षेत्र कमी होतें, पण किंमत वाढते. आणि त्या वाढीचा कांहीं भाग सार्वजनिक कामासाठीं घेतां येतो. कोणी भूमिहीन होत नाहीं, आणि एकट्यादुकट्याच्या हातीं सारा लाभहि जात नाहीं. हीच तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यांत आली आहे. गुजराथेंत ह्या पद्धतीनें शहरेंच्या शहरें आखलीं गेलीं. महाराष्ट्रानें तिचा त्या मानानें फार थोडा उपयोग केला. इकडे भिस्त राहिली ती विकास योजनेवर, म्हणजे नकाशांत रंग भरून अमुक जमीन बागेसाठीं, तमुक बाजारासाठीं अशीं आरक्षणें टाकण्यावर. त्या रंगाची एक गंमत आहे. दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाहीं तर मालक नोटीस देऊं शकतो, आणि ठराविक मुदतींत पालिकेनें हालचाल केली नाहीं तर आरक्षण रद्द होतें. लहान नगरपालिकेच्या तिजोरींत जमीन घेण्यापुरता पैसा क्वचित् असतो. दहा वर्षें मालकाची जमीन अडकून पडते, आणि त्यानंतर गांवाची बाग.

दूरचीं उदाहरणें पाहावयाचीं तर जपानचें सर्वांत मासलेवाईक आहे. कोबायाशी इचिझो ह्या गृहस्थानें ओसाकाजवळ १९१० मध्यें एक विजेची रेल्वे सुरू केली. मार्गावर वस्ती तुरळक. नुसत्या तिकिटांवर कंपनी बुडालीच असती. त्यानें रेल्वे सुरू होण्यापूर्वींच मार्गालगतची जमीन घेऊन ठेवली, इकेदा येथें घरें बांधलीं आणि पगारदार माणसांना तीं हप्त्यानें विकलीं. घरांनीं गाडीला प्रवासी दिले, आणि गाडीनें घरांना किंमत दिली. मुंबईंत प्लेगनंतर १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याच्या शेतांवर आधीं रस्ते आणि बागा आखल्या, घरें मागून आलीं. हिंदु कॉलनी व पांच बागा आजहि त्याची साक्ष देतात. सिडको १९७० मध्यें निघाली, आणि खाडीवरून वाशीला पहिली गाडी १९९२ मध्यें गेली; त्या रेल्वेचा दोनतृतीयांश खर्च सिडकोनें जमिनीच्या उत्पन्नांतून उचलला. म्हणजे रुळांमुळें जमिनीला जी किंमत येणार होती तिच्याच जोरावर रूळ आले. नागपूर मेट्रो २०१९ पासून धावूं लागली, आणि तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस पांचशें मीटरपर्यंत जादा मजले चढविण्याची सवलत देण्यांत आली आहे. ही शेवटची युक्ति मलकापूर-नांदुऱ्याला जशीच्या तशी लावूं नये. तेथें उंच इमारतींची अडचण नाहीं. चार मजल्यांच्या खालीं धड फुटपाथ नाहीं, ही अडचण आहे.

घाटावरच्या सहा तालुक्यांना हें सारें परकें वाटेल, कारण तेथें रूळच नाहींत. परंतु तेथेंहि स्टेशन आहे; त्याला बस स्टँड म्हणतात एवढेंच. चिखलीस बुलढाणा, मेहकर, खामगांव आणि देऊळगांव राजा ह्या चारी बाजूंच्या वाटा मिळतात. तेथील गांवाचा जीव त्या स्टँडाभोंवतींच घोटाळतो, आणि शाळा-कॉलेजांच्या मुलींना तर घरून निघून घरीं परत येण्याचें एस्. टी. हें बहुधा एकमेव साधन आहे. तेव्हां वर सांगितलेलें दोनशें एकरांचें वर्तुळ चिखलीच्या, मेहकरच्या, बुलढाण्याच्या स्टँडाभोंवतीं आजच काढतां येईल. गांवाची नवी कचेरी, नवा दवाखाना किंवा मुलींचें वसतिगृह बांधण्याची वेळ आली कीं स्वस्त जमिनीच्या मोहानें तें गांवाबाहेरच्या माळावर जातें. पालिकेच्या खर्चांत जी बचत होते, ती पुढें रोज रिक्षाच्या भाड्यानें रुग्णाचे नातेवाईक आणि विद्यार्थी भरून देतात.

समृद्धि महामार्ग मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला, आणि २०२५ च्या जूनमध्यें तो मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला. ठिकठिकाणच्या फांट्यांशीं नवीं नगरें वसविण्याची योजना त्याच्याबरोबरच आंखली गेली. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला जिरायतीबद्दल पंचवीस टक्के व बागाइतीबद्दल तीस टक्के विकसित भूखंड ह्या नगरांत परत मिळावा, शिवाय दहा वर्षें ठराविक रक्कम मिळावी, अशी भागीदारी देऊं केली होती. कल्पना १९१५ च्या कायद्याच्याच कुळांतली. परंतु बहुसंख्य शेतकऱ्यांनीं भूखंड नाकारून रोख दाम पत्करलें, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. जें नगर कागदावर आहे त्यांतल्या भूखंडावर मुलीचें लग्न होत नाहीं. शिवाय फांट्याचें नगर आणि स्टेशनाचें गांव ह्यांत मोठा भेद आहे. फांट्यावर मोटार उतरते. पायीं माणूस तेथें उतरूं शकत नाहीं आणि चढूंहि शकत नाहीं. ज्याच्यापाशीं चाकें नाहींत त्याच्या दृष्टीनें तो महामार्ग म्हणजे शेतांतून गेलेली एक उंच भिंतच होय.

म्हणून खामगांव-जालना रेल्वेचा विषय पुन्हां पुन्हां निघतो. १८७० चा तो आठ मैलांचा फांटा खामगांवीं जो थांबला तो थांबलाच. तेथून पुढें घाट चढून चिखली, देऊळगांव राजा ह्या बाजूनें जालन्यास जाणारा सुमारें एकशें साठ किलोमीटरांचा मार्ग व्हावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी. मोजण्या झाल्या, निवडणुकांतून आश्वासनें झालीं, पुन्हां मोजण्या झाल्या. खर्चाचा निम्मा वांटा उचलण्याची तयारी अलीकडे राज्यसरकारनें दाखविली आहे. घाटावर रूळ मात्र अद्याप पडलेले नाहींत.

हा विलंब जिल्ह्याला महाग पडला आहे, पण त्यांतून एक लाभ घेतां येण्यासारखा आहे. स्टेशन यावयाच्या अगोदर जमिनीचा विचार करण्याची सवड मलकापुराला मिळाली नव्हती, शेगांवला मिळाली नव्हती. ती चिखलीला मिळते आहे. इंजिनिअर आजहि सपाटी आणि स्वस्त जमीन पाहणार. त्यानें स्टेशन गांवापासून चार किलोमीटरांवर नेलें, तर त्या चार किलोमीटरांत पुन्हां एक स्टेशन रोड, आणि त्याच्या कडेनें पुन्हां तेच प्लॉट. आजहि चिन्हें दिसूं लागलींच आहेत. मार्गाची नुसती वार्ता छापून आली कीं जमिनीच्या चौकश्या सुरू होतात, आणि चौकशी करणारा शेतकरी नसतो. कपाशीच्या भावानें घेतलेली एकर दीड एकर जमीन अकृषिक होऊन फुटाच्या भावानें विकली जाते. मूळ मालक मग त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून गाडीची वाट पाहतो.

ह्यावर तोडगा म्हणून नवें महामंडळ काढण्याची गरज नाहीं. स्टेशनाची जागा ठरवितांना पालिकेला व एस्. टी. ला एका टेबलाशीं बोलवावें, आणि जागा ठरल्याबरोबर तिच्याभोंवतालच्या दोनशें एकरांची नगररचना योजना जाहीर व्हावी. शेतकऱ्याचें नांव त्या कागदावर भागीदार म्हणून राहील. रस्त्यांसाठीं कापलेल्या हिश्शाबद्दल वाढलेली किंमत त्याच्याच पदरांत पडेल. आणि वाढीचा जो भाग पालिकेकडे जाईल त्यांतून पाण्याचा नळ आणि भाड्याच्या खोल्या होतील. जागा पालिकेच्या हद्दीबाहेर पडली तर हें काम जिल्हाधिकाऱ्यांना पुढाकार घेऊन करवून घ्यावें लागेल. मोजणीदार येण्यापूर्वीं गांवच्या शाळेंत नकाशा टांगून तो लोकांना वाचून दाखविण्यास तर कोणत्याच मंजुरीची आवश्यकता नाहीं.

चिखली-देऊळगांव राजाच्या शिवारांत, जेथून तो मार्ग जाईल असें लोक बोटानें दाखवितात, तेथें ह्या घटकेस सोयाबीन आणि तूर उभी राहते, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर बहुतेक नांवें अजून गांवांतलींच आहेत.